काटा हलत नाही म्हणून चालणे सोडू नका

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. उंचीच्या मानाने वजन पाहण्याचा जो आकडा डॉक्टर काढतात, तो दोघांचाही २२.३. म्हणजे दोघेही बेताचे. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली! दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार, हा आपल्याकडचा नेहमीचा बांधा.

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत राहणारे आमचे साडूभाऊ याच बांध्याचे. त्यांच्या घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, जशी आपल्या घरात मराठी नि बाजारात कानडी. वजन साठ किलो, दारूचा थेंब नाही, तरी सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ निघाले. डॉक्टरांनी चालायला सांगितले. तीन महिने चालले, वजन तेवढेच, म्हणून सोडून दिले. गंमत अशी, की त्याच शहरात १९५७ पासून राणी लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षणाची नामांकित संस्था आहे.

त्यांनी काट्याचे ऐकले, इथेच गफलत झाली. यकृतात (कानडीत यकृत्तु) चरबी येते ती बरीचशी रक्तातून. इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले की पोटाभोवतीची चरबी सुटून रक्तात उतरते आणि यकृताच्या पेशींत थेंबाथेंबाने साठते. शिवाय जादा साखरेपासून यकृत स्वतःही चरबी बनवते. पाचेक टक्क्यांहून जास्त पेशींत असे थेंब दिसले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. आपण चालतो तेव्हा मांडीपोटरीचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिनचे काम सुधारते, यकृताकडे जाणारा चरबीचा ओघ आटतो. वजन जागचे न हलताही यकृतातली चरबी उतरते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. ती मोजायला घरातला काटा उपयोगाचा नाही.

अर्थात ज्यांचे वजन खरोखर जास्त आहे त्यांनी ते सात ते दहा टक्के उतरवले, तर यकृताची सूजही कमी होते. तिथे नुसते चालून भागत नाही. कुंदा आणि गजक दोन्हींना हात आखडता घ्यावा लागतो.

चालायचे किती? आठवड्याला दीडशे मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. गुडघे दुखतात त्यांनी खुर्चीत बसून हलकी वजने उचलावीत. त्यानेही यकृतातली चरबी घटते. मात्र व्यायाम सुटला की ती काही महिन्यांत परत येऊ लागते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि चालताना खिशात दोन खडीसाखरेचे खडे ठेवावेत.