सशाच्या कलेजीवरच्या पांढऱ्या गाठी

घराला हातभार म्हणून ससे पाळणाऱ्या कुटुंबांसाठी ही माहिती आम्ही देत आहोत.

आईचे दूध सुटल्यावर पिल्ले सुकू लागतात, पोट मात्र फुगते, हगवण लागते आणि एकामागून एक मरतात. मेलेला ससा कापून पाहिला तर कलेजी सुजलेली आणि तिच्यावर पांढरट-पिवळ्या गाठी दिसतात. ही नजर नव्हे, करणीही नव्हे. हा यकृताचा कॉक्सिडिओसिस रोग आहे. आयमेरिया स्टीडी नावाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या परजीवीमुळे तो होतो.

रोग पसरतो कसा? बाधित सशाच्या लेंडीतून परजीवीचे कवचबंद कण बाहेर पडतात. ताजे असताना ते रोग देत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की दोन-तीन दिवसांत ते तयार होतात. मग चाऱ्या-पाण्यातून दुसऱ्या सशाच्या पोटात जातात, आतड्यातून यकृतात पोचतात आणि पित्तनलिकांच्या अस्तरात वाढतात. नलिका फुगतात, पित्त अडते, अन्न अंगी लागत नाही. मोठे ससे वरून धडधाकट दिसले तरी त्यांच्या लेंडीतून हा रोग पिल्लांना मिळू शकतो.

म्हणून खरा उपाय त्या दोन दिवसांतच आहे. लेंड्या रोज काढा. पिंजऱ्याला तळाशी जाळी असू द्या, म्हणजे लेंडी खाली पडेल. चारा जमिनीवर टाकू नका, वर टांगा. पाण्याचे भांडे रोज धुवा, पिंजरा कोरडा ठेवा. नेहमीच्या फिनाइलने हे कण मरत नाहीत. ससे बाहेर काढून लोखंडी पिंजऱ्यावर उकळते पाणी ओता. आजारी ससा लगेच वेगळा करा.

सल्फा गटातली औषधे यावर चालतात, पण मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच द्या. औषधाने परजीवीची वाढ थांबते, खराब झालेले यकृत लगेच भरून येत नाही. त्यामुळे पहिले पिल्लू सुस्तावले की तेव्हाच दवाखाना गाठा.

हा रोग माणसाला होत नाही. तरी गाठी असलेली कलेजी खाऊ नका, ती खोल पुरा. पिंजरा साफ केल्यावर साबणाने हात धुवा, मुलांनाही तशी सवय लावा.

औषधावर पैसा घालण्याआधी झाडू हातात घ्या. रोजची दहा मिनिटांची सफाई पिल्ले वाचवते.