तुझ्यानं होणार नाही

गेल्या महिन्यात मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर एक बाप भेटला. "सर, पोरगी कन्नडात नापास झाली. आता शाळा बंद करतो." घरात मराठी, शाळेत कन्नड, आपल्या हुबळी-धारवाडात हे काही नवं नाही. मला मात्र घाम फुटला. याच बापाला तो नववीत असताना मी भर वर्गात म्हणालो होतो, "तुझ्यानं होणार नाही." तो गेला, तो शाळेत परत आलाच नाही.

मुलीला दुसऱ्याच दिवसापासून घरी बोलावलं. मराठीत अर्धं अक्षर आधी येतं. कन्नडात दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली लोंबतं. तिथंच ती अडायची आणि पेन खाली ठेवायची.

मग तिला किट्टेलसाहेबांची गोष्ट सांगितली. जर्मनीचे फर्डिनांड किट्टेल १८५३ साली बासेल मिशनतर्फे भारतात आले, आपल्या धारवाड-हुबळीकडंही राहिले. त्यांचा कन्नड-इंग्रजी कोश छापून निघाला १८९४ साली, सुमारे ७०,००० शब्दांचा. ते प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक; असो.

"एक्केचाळीस वर्षं? सर, माझी पुरवणी परीक्षा तर पुढच्या महिन्यात आहे!" दोघंही हसलो. आता ती रोज एक पान लिहिते. चुकतं, खोडते, पुन्हा लिहिते.

बाप सायकल घेऊन फाटकाशी थांबतो. "आत या," म्हटलं तरी येत नाही. त्याची माफी मागायची अजून राहिलीच आहे. वाचकहो, प्रार्थनेत त्या मुलीची आठवण ठेवा, आणि माझीही.