गृहपाठ, धृती आणि वैद्याचे कर्तव्य

दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी पालक बालकाला घेऊन येतात, ते बहुधा स्मरणशक्तीचे औषध मागण्यासाठी. 'मुलगा हुशार आहे, पण वही उघडली की दहा मिनिटेही बसत नाही,' ही तक्रार आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. ब्राह्मीची बाटली हाती देणे सोपे आहे. परंतु त्यापूर्वी निदान हवे.

अवधानन्यूनता व अतिचंचलता विकारात, म्हणजेच एडीएचडीमध्ये, लक्षणे वयाच्या 12 वर्षांपूर्वी सुरू झालेली, किमान 6 महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी असावी लागतात. दृष्टी, श्रवण, निद्रा व अध्ययन-अक्षमता यांची चौकशीही अवश्य करावी.

चरकाचार्यांनी शारीरस्थानात इंद्रियांचे व स्वतःचे नियमन हे मनाचे कर्म सांगितले असून, धृती ही नियमन करणारी शक्ती मानली आहे. या बालकास काय करावयाचे हे ठाऊक असते. उणे पडते ते ऐन वेळचे नियमन. म्हणूनच मार व उपदेश निष्फळ ठरतात. धृतीला बाहेरून आधार द्यावा लागतो.

यासाठी पालकांना औषधाप्रमाणेच पथ्य लिहून द्यावे. शाळेतून आल्यावर खाणे व खेळ, त्यानंतर ठरल्या वेळी, ठरल्या जागी अभ्यास. घर एकाच खोलीचे असल्यास तेवढा वेळ टीव्ही व मोबाईल सर्वांसाठीच बंद. गृहपाठाचे 10 ते 15 मिनिटांचे तुकडे, समोर घड्याळ, मध्ये थोडी हालचाल. एका वेळी एकच सूचना आणि तुकडा पूर्ण होताच कौतुक. भावंडांशी तुलना वर्ज्य.

शिक्षकांशीही बोलावे. 2020 च्या शालेय दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला कमाल 2 तासांची मर्यादा आहे.

2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी सूचीत हा विकार आहे आणि त्याच्या फिरत्या पथकांत आयुष वैद्यकीय अधिकारीच असतात. त्यामुळे ही जबाबदारी आपलीच आहे. संशयित बालकास यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे. तज्ज्ञांनी सुरू केलेले औषध परस्पर बंद करू नये. मेध्य द्रव्यांविषयीचे संशोधन अद्याप मर्यादित असल्याने ती पर्याय म्हणून नव्हे, तर तज्ज्ञांना कळवून पूरक म्हणूनच योजावीत.

औषधी दुकानदार बंधूंनाही विनंती की, अशा पालकास बाटली देण्याआधी वैद्याकडे पाठवावे. एक विक्री कमी होईल. पण एका बालकाचा रोजचा मार थांबेल.