माघात माश्या काय खातात?

आम्ही कैनाडच्या गटातल्या बाया. मागच्या वेळी मधपेटी कुठे ठेवावी ते सांगितलं होतं. त्यावर बऱ्याच जणींनी एकच गोष्ट विचारली. पेटीत माश्या आहेत, जातात-येतात, मग चैत्रात मध का भरत नाही? आज त्याचंच बोलू. चैत्रातल्या मधाची तयारी माघात होते, म्हणून आधी माघाकडे बघावं लागतं.

पहिल्या वर्षी आमचीही फजिती झाली होती. पौषात पेट्या उघडल्या तर माश्या थोड्या आणि पोळं हलकं. आम्हाला वाटलं, उपाशी आहेत. साखरेचा पाक करून वाटीत ठेवला, माश्या बुडू नयेत म्हणून वर काड्या टाकल्या. पाक संपायचा आणि आम्ही खूश व्हायचो. महिन्याने पाहिलं तर माश्या होत्या तेवढ्याच. एक पेटी तर रिकामी. माश्या घर सोडून गेल्या होत्या. सातेरी माशीचा हा स्वभावच आहे. खायला मिळालं नाही, मुंग्या लागल्या, मेणअळी पडली, की ती निघून जाते.

चूक कुठे झाली? नुसत्या भातावर लेकरू वाढत नाही, डाळही लागते. मध आणि मकरंद हा माशीचा भात. त्याने उडायला आणि पोळं उबदार ठेवायला जोर येतो. पण पिल्लं वाढवायला पराग लागतो, म्हणजे फुलातली ती बारीक पूड. तरुण माश्या पराग खातात, त्यातून त्यांच्या अंगात दुधासारखा रस तयार होतो आणि तो रस अळ्यांच्या तोंडी जातो. साखरेच्या पाकात हे काही नसतं. पराग आला नाही तर राणी अंडी घालणं कमी करते. बाहेर डाळ नाही, तर घरात लेकरं कशाला वाढवायची, हे तिला बरोबर कळतं.

आता थोडा हिशेब करू. अंडं घातल्यापासून कामकरी माशी बाहेर यायला साधारण २० दिवस लागतात. बाहेर आली की लगेच ती रानात जात नाही. पहिले जवळजवळ तीन आठवडे ती घरातच असते. झाडलोट करते, पिल्लांना भरवते, मेण काढते. म्हणजे अंड्यापासून मध आणायला निघेपर्यंत ४० दिवस गेले. आपल्याकडे जांभूळ आणि करंज मार्चअखेर-एप्रिलात बहरतात. त्या वेळी पेटी माश्यांनी भरलेली हवी, तर अंडी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच पडायला हवीत. तेव्हा पराग मिळाला नाही, तर जांभळाचा बहर येतो आणि जातो, गोळा करायला हातच नसतात.

थंड देशांत बर्फ वितळताना माश्या विलोच्या झाडाची वाट बघतात, कारण तिथे सगळ्यात आधी फुलणाऱ्या झाडांपैकी ते एक. आपल्याकडे बर्फ नाही. पावसाळ्यात पराग भिजतो आणि माशीला उडता येत नाही, ती आपली मोठी ओढ. त्यानंतर खुरासणी असेल तिथे थोडं सावरतं, पण भात कापून शेतं उघडी पडली की पुन्हा हात आखडतो. अशा वेळी माघात काय फुलतं, ते बघायला आम्ही एक काम केलं. सकाळी आठच्या सुमारास पेटीच्या दारापाशी बसलो. परतणाऱ्या माशीच्या मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या असतात, त्यांचा रंग बघायचा आणि मग तशी पूड कुठल्या फुलात आहे ते हिंडून शोधायचं. सातेरी एखाद-दीड किलोमीटरच्या आतच फिरते, त्यामुळे शोध फार लांब जात नाही.

पहिली सापडली सावर. अंगावर पान नाही आणि लाल फुलं भरलेली. एकेका फुलात केसरांचा झुबका. पक्षी रसासाठी येतात आणि त्यांच्या पायाशी आपल्या माश्या पराग गोळा करतात. पळस आणि पांगारा तसेच. शिमटी आणि कुसुंबाची फुलं बारीक, नजरेत भरत नाहीत, पण झाडाखाली उभं राहिलं तर गुणगुण ऐकू येते. परसात शेवगा. किनाऱ्याकडच्या बायांकडे नारळ, त्याचा पराग बारा महिने.

शिंदीबद्दल जरा थांबून सांगायचं आहे. शिंदीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. नराला फळ कधीच लागत नाही, पण त्याच्या तुऱ्यात पिठासारखा पराग असतो, हात लावला तर बोटं पांढरी होतात. फळ धरत नाही म्हणून हेच झाड लोक आधी तोडतात. ‘वांझ आहे,’ म्हणतात. बघा, झाडालासुद्धा आपण हे नाव किती पटकन देतो! ताडाचंही तेच, नर ताड वेगळा असतो.

आता अडचणीचं. पौष-फाल्गुनात आपण राबासाठी फांद्या छाटतो. राब करू नका, असं आम्ही म्हणणार नाही. रोप राबावरच चांगलं येतं, हे आमच्या आज्यांपासून माहीत आहे. पण बांधावरच्या सावर, शिमटी, कुसुंबावर कळी दिसत असेल तर त्या वर्षी कोयता दुसऱ्या झाडावर चालवावा, किंवा फुलं गळून जाईपर्यंत थांबावं. होळीसाठी कुठे कुठे सावरीचं अख्खं झाड आणतात. आमच्या पाड्यावर यावरून वाद झाला, थोडं बोलणंही खावं लागलं. शेवटी वठलेलं झाड बघून आणायचं ठरलं.

फवारणीचंही तसंच. ढोबळी मिरची नाहीतर वेलभाजी फुलावर असताना सकाळी औषध मारलं, तर पराग घेऊन आलेली माशी तेच विष पिल्लांना भरवते. मारायचंच असेल तर संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर. आणि शेजारणीची पेटी असेल तर आदल्या दिवशी तिला सांगायचं.

खर्च न करता होण्यासारखंही आहे. कोथिंबीर आणि मोहरीचा एखादा वाफा सगळा खुडू नका, फुलावर जाऊ द्या. आमच्या पेट्यांत माघातली पिवळीधमक गोळी मोहरीची निघाली. शेवग्याच्या जाड फांद्या पहिल्या पावसात बांधावर खोचल्या तर बहुतेक जगतात.

मध काढताना फक्त वरच्या मध कोठीतला काढायचा. खालच्या पिलावा कोठीत पिल्लांच्या भोवती परागाची कड असते, तिला हात लावायचा नाही. रानातलं पोळं अख्खं पिळलं की हाच पराग आणि अळ्या मधात उतरतात आणि मध आंबतो.

नवीन पेटी घेणाऱ्यांसाठी: खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत निम्मं अनुदान आहे. मंडळाने २०२२ साली महाबळेश्वरजवळचं मांघर पहिलं ‘मधाचे गाव’ केलं, त्यानंतर आपल्या तालुक्यातलं घोलवडही त्या यादीत आलं. पण अर्ज करण्याआधी एकदा माघात आपल्या पाड्याभोवती फिरून या आणि दीड किलोमीटरच्या आत काय काय फुललंय ते मोजा. सावर, शिंदी, शेवगा यांतलं काहीच नसेल तर या पावसात आधी झाडं लावा, पेटी पुढच्या वर्षी आणा.