संगणकाचे कुलूप अडते तेव्हा

गृहस्थाच्या संसारात कुलूप-किल्लीला असलेले महत्त्व वेगळे सांगावयास नको. पूर्वी घरातील मोलाचे कागद शिसवी पेटीत असत आणि त्या पेटीची किल्ली आजीच्या कमरेच्या जुडग्यात असे. आज जमिनीचे उतारे, बँकेचे हिशेब, मृत्युपत्राचा मसुदा, वडिलांच्या पत्रांची छायाचित्रे हे सारे संगणकात जाऊन बसले आहे. ते परक्याच्या नजरेस पडू नये म्हणून त्या मजकुराचे सांकेतिक रूपांतर करणारी आज्ञावली अनेकजण वापरतात. इंग्रजीत या क्रियेस एन्क्रिप्शन म्हणतात. आपण तिला कूटलेखन म्हणू. परंतु एखाद्या सकाळी संगणक सुरू करावा आणि हीच आज्ञावली पडद्यावर गोठून बसावी, काही केल्या हलू नये, असा प्रसंग येतो. अशा वेळी घाबरून भलतेच केल्याने होणारे नुकसान मूळ बिघाडापेक्षा पुष्कळदा मोठे असते. म्हणून या विषयाचा थोडा क्रमवार विचार करू.

विंडोज संगणकावर कूटलेखनाचे दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. पहिला विंडोजच्याच पोटात असलेला ‘बिटलॉकर’. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टा आवृत्तीपासून तो उपलब्ध आहे आणि तो संपूर्ण डिस्कला कुलूप घालतो. दुसरा प्रकार म्हणजे ‘व्हेराक्रिप्ट’सारखी स्वतंत्र, विनामूल्य आज्ञावली. २०१३ साली निघालेली ही आज्ञावली ‘ट्रूक्रिप्ट’ या जुन्या आज्ञावलीची वारस होय. तिच्या साह्याने एखादी लहान तिजोरी करता येते किंवा सबंध डिस्कही कुलूपबंद करता येते.

आता पहिला प्रश्न हा की, आज्ञावली खरोखर गोठली आहे की नुसती कामात गुंतली आहे? आपण दिलेल्या परवलीच्या शब्दाने कुलूप थेट उघडत नाही. त्या शब्दावर गणिती प्रक्रिया पुनःपुन्हा करून त्यातून किल्ली घडवावी लागते. ट्रूक्रिप्टमध्ये ही आवर्तने एक-दोन हजार असत. व्हेराक्रिप्टमध्ये साध्या तिजोरीसाठी ती सामान्यतः ५,००,००० असतात. ही दिरंगाई हेतुपुरस्सर आहे. चोराने लाखो शब्द लावून पाहावयाचे ठरविले, तर प्रत्येक शब्दामागे त्याला हा भुर्दंड पडावा, हा त्यामागील विचार. शिवाय कोणती गणिती पद्धत वापरली आहे हे आपण सांगितले नाही, तर आज्ञावली एकेक पद्धत लावून पाहते. जुन्या संगणकावर यात बराच वेळ जातो आणि खिडकीवर ‘प्रतिसाद देत नाही’ असे शब्द उमटतात. तेव्हा काही मिनिटे धीर धरावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात त्या आज्ञावलीपुढे प्रोसेसरचा वापर दिसत असेल, तर ती काम करीत आहे असे समजावे. बराच वेळ शून्यच दिसत असेल, तर ती अडली आहे. आपली गणिती पद्धत ठाऊक असल्यास ती यादीतून निवडावी, म्हणजे पुढच्या वेळी विलंब कमी होतो.

दुसरी गोष्ट पथ्याची. कुलूपबंद डिस्कवरील मजकूर विंडोजला वाचता येत नाही, त्यामुळे ती डिस्क कोरी किंवा बिघडलेली आहे असे समजून विंडोज ‘फॉरमॅट करावयाची का?’ असे विचारते. या प्रश्नाला कधीही होकार देऊ नये. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांवर हा प्रसंग आला होता. तीस वर्षे गावोगाव हिंडून त्यांनी जमविलेल्या वंशावळी आणि मोडी कागदांची छायाचित्रे एका कुलूपबंद बाह्य डिस्कवर होती. आज्ञावली रोज सकाळी आपोआप सुरू होऊन ती डिस्क उघडीत असे. एके दिवशी ती तेथेच अडली. दुरुस्तीस आलेल्या तरुणाने डिस्क पाहिली, विंडोजचा प्रश्न वाचला आणि “सर, डिस्क गेली, फॉरमॅटच करावी लागेल,” असा निर्णय दिला. गुरुजींनी हात जोडून त्याला थांबविले. दुसऱ्या दिवशी तीच डिस्क दुसऱ्या केबलने दुसऱ्या संगणकास जोडली, तोच परवलीचा शब्द दिला, आणि सारा संग्रह जसाच्या तसा उघडला. दोष डिस्कचा नव्हता, की आज्ञावलीचाही नव्हता. केबल सैल झाली होती. त्या दिवशी एक कळ दाबली गेली असती, तर कित्येक कुळांचा इतिहास पुसला गेला असता.

या उदाहरणात दुरुस्तीचा क्रमही दडलेला आहे. प्रथम बाह्य डिस्का, पेन ड्राइव्ह वगैरे काढून संगणक सुरू करून पाहावा. सुरुवातीस आपोआप उघडावयाची तिजोरी जागेवर नसेल किंवा नेटवर्कवरील डिस्क अद्याप जोडली गेली नसेल, तर तिची वाट पाहत आज्ञावली खोळंबू शकते. तरीही अडचण राहिल्यास टास्क मॅनेजरमधील स्टार्टअपच्या यादीतून तिचे नाव बंद करावे, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मग ती हाताने उघडावी. येथे एक बारकावा आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असता ‘शट डाउन’ केले तरी यंत्रणेची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि जुना गुंता दुसऱ्या दिवशी तसाच परततो. ‘रीस्टार्ट’ने मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. म्हणून अशा वेळी रीस्टार्टच करावे. गुंता वारंवार होत असल्यास फास्ट स्टार्टअप बंद ठेवावे.

एवढ्यानेही भागले नाही, तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करावे आणि ‘सेफ मोड’मध्ये जावे. तेथे अत्यावश्यक तेवढेच भाग सुरू होतात. तेथे अडचण नाहीशी झाली, तर विषाणूप्रतिबंधक आज्ञावली किंवा नवा ड्रायव्हर यांपैकी कोणाशी तरी संघर्ष आहे असे अनुमान काढता येते. आज्ञावली काढून पुन्हा बसविण्यासही हरकत नाही. तिजोरी आणि ती उघडणारे साधन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मात्र विंडोज असलेली डिस्कच तिने कुलूपबंद केली असेल, तर ते कुलूप रीतसर उतरविल्याखेरीज आज्ञावली काढू नये. आणखी एक सावधगिरी: व्हेराक्रिप्टच्या २०२३ मधील १.२६ या आवृत्तीपासून ट्रूक्रिप्टच्या जुन्या तिजोऱ्या उघडण्याची सोय काढून टाकली आहे. ज्यांच्याकडे अशा तिजोऱ्या असतील, त्यांनी आधीच्या आवृत्तीने त्या उघडून मजकूर नव्या तिजोरीत हलवावा.

बिटलॉकरची तऱ्हा निराळी. संगणकातील टीपीएम नावाची चिप सुरुवातीलाच यंत्राची ओळख पडताळते. बायोस बदलला किंवा एखादा भाग नवा बसविला, की तिला संशय येतो आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ही किल्ली सहा-सहा अंकांच्या आठ गटांत असते आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे एखादा अंक चुकला तर तो गट तत्काळ नाकारला जातो. ही किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, छापलेल्या कागदावर किंवा पेन ड्राइव्हवर असू शकते. कार्यालयाचा संगणक असल्यास ती तेथील व्यवस्थापकाकडे असते. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या संगणकांवर हे कूटलेखन बहुधा आपोआप चालू होते. म्हणजे आपल्या घराला कुलूप आहे हेच ज्यांना ठाऊक नाही, असे अनेकजण आपल्यात असतील.

१९ जुलै २०२४ रोजी जगाला याचा कटू अनुभव आला. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष फाइलमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होतानाच कोसळू लागले. आपल्या हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय सोपा होता: सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसणे. पण ज्या संगणकांवर बिटलॉकर होते, तेथे त्या फाइलपर्यंत पोहोचण्यासाठीच आधी ४८ अंकी किल्ली हवी होती, आणि ती प्रत्येक संगणकाची वेगळी.

ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषाशिक्षकाने १८८३ मध्ये असे मत मांडले की, कूटलेखनाची पद्धत शत्रूला कळली तरी बिघडू नये. सारी सुरक्षितता किल्लीत असावी. या तत्त्वाची दुसरी बाजू अशी की, किल्ली हरवली तर मालकालाही कोणी वाचवू शकत नाही. तेव्हा वाचकांनी संगणक सुरळीत असतानाच तीन कामे उरकावीत. बिटलॉकरची किल्ली कागदावर उतरून ती घराच्या दस्तऐवजांत ठेवावी. व्हेराक्रिप्टच्या तिजोरीच्या शीर्षभागाची प्रत दुसऱ्या ठिकाणी जपावी, कारण तो छोटा भाग खराब झाला तर योग्य शब्दही निरुपयोगी ठरतो. आणि महत्त्वाच्या मजकुराची एक स्वतंत्र प्रत निराळ्या डिस्कवर असू द्यावी. या साऱ्याचा ठावठिकाणा घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीला ठाऊक असावा. आजीच्या कमरेचा जुडगा तिच्यामागे सुनेच्या हाती येत असे. संगणकाच्या किल्लीची तशी सोय आपण स्वतःच करून ठेवावयास हवी.