थंडीत सुरू न होणारी जुनी मोटार : कारणे व उपाय

पौष महिन्यात पूर्णा आणि खेळणा या नद्यांच्या काठी पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. ज्या शेतकरी बंधूंच्या दारी जुनी पेट्रोलची मोटार आहे त्यांची कसोटी त्या दिवसांत लागते. चावी फिरते, सेल्फ कण्हतो, इंजीन दोन-चार वेळा खोकल्यासारखे करते आणि गप्प होते. पुन्हा चावी, पुन्हा कण्हणे. पाच मिनिटांत बॅटरी संपते आणि चार माणसे मागून ढकलू लागतात. बाजारास उशीर झाला तर फारसे बिघडत नाही. परंतु अडलेली बाळंतीण किंवा छातीत कळ आलेला वृद्ध जालन्यास न्यावयाचा असेल, तर तीच पाच मिनिटे फार महाग पडतात. खेड्यातील अशी मोटार एका घराची नसते, सबंध आळीची असते.

या मोटारी आता थोड्या उरल्या आहेत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेली आणि पुढे पद्मिनी या नावाने प्रसिद्धीस आलेली फियाट घ्या; मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची उठली. अँबॅसिडर, पेट्रोलची जीप, पहिल्या पिढीतील मारुती ८०० यांचीही तीच वाट आहे. मात्र गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली त्यांपैकी काही अद्याप नांदत आहेत. अडचण अशी की, नव्या मोटारींत पेट्रोल मोजून देण्याचे काम संगणक करतो. त्यामुळे कार्बुरेटर जाणणारे कारागीर दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत. सबब मालकाने स्वतःच थोडे शिकून घेणे इष्ट, असे आमचे मत आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. जळते ती त्याची वाफ. वजनाने सुमारे पंधरा भाग हवा व एक भाग पेट्रोल असे मिश्रण झाले म्हणजे ते नीट पेटते. गरम इंजिनात हे सहज घडते. थंड लोखंडाशी मात्र पेट्रोलाचा हलका भाग तेवढा वाफ होतो, आणि उरलेला भाग नळीच्या भिंतींवर दवासारखा चिकटून राहतो. कार्बुरेटर माप बरोबर देतो, पण सिलिंडरात पोहोचते ती वाफ अपुरी. याकरिता सुरू करतेवेळी पेट्रोल कित्येक पट अधिक द्यावे लागते, आणि ते देण्याची युक्ती म्हणजे चोक. ओलसर लाकूड पेटविताना गृहिणी आधी चार चिपाडे अधिक घालते, त्यातलाच हा प्रकार होय.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग दोष कार्बुरेटरातच असणार. बहुतेक कारागीरही असेच म्हणतात आणि पाना घेऊन प्रथम त्यालाच भिडतात. आम्ही हयातभर महसूल खात्यात कारकुनी केली. पंचनाम्यापूर्वी निकाल लिहिण्याची रीत आम्हास मानवत नाही. थंड इंजिनास तीन गोष्टी लागतात : पुरेशा वेगाने फिरणे, जोरकस ठिणगी, आणि पेट्रोल. याच क्रमाने तपासावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी कशाने सुरू झाली हे कळत नाही, आणि पुढल्या थंडीत तीच रड पुन्हा सुरू होते.

आमच्या पाहण्यातील एका गृहस्थांनी कारागिराच्या सांगण्यावरून आपल्या पद्मिनीचा कार्बुरेटर दोनदा खोलविला व अखेर दुसरा आणून बसविला. खर्च बराच झाला, गुण मात्र आला नाही. दोष निघाला बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्यास जाणाऱ्या जाड पट्टीत. तिचे टोक गंजून पांढरे झाले होते, आणि सेल्फला पुरेसा करंट मिळतच नव्हता. ती कानशीने घासून घट्ट आवळताच गाडी सुरू झाली. यातील मर्म असे की, सेल्फ करंट ओढू लागला म्हणजे बॅटरीचा दाब खाली येतो, आणि त्याच बॅटरीवर जगणाऱ्या कॉइलची ठिणगीही त्या क्षणी अशक्त होते. थंडीत ऑइल घट्ट आणि बॅटरी मंद, म्हणून उन्हाळ्यात लपून राहिलेला दोष पौषात उघडा पडतो.

तेव्हा आरंभ बॅटरीपासून करावा. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी स्वस्थ असता १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ दाखविल्यास ती निम्मी रिकामी समजावी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्याही खाली गेला तर बॅटरी थकली आहे, किंवा इंजीन जड फिरत आहे. मोजण्याचे यंत्र नसेल तर पुढचे दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे पार विझू लागले तर बॅटरी किंवा तिची टोके सदोष. दिवे लख्ख राहून सेल्फ मुका राहिला तर दोष सेल्फकडे. सेल्फ मारल्यानंतर जे टोक हातास गरम लागेल ते टोक सैल किंवा गंजलेले आहे हे निश्चित समजावे. पांढरी भुकटी कोमट पाण्याने धुऊन, टोक कोरडे करून आवळावे व वर व्हॅसलीन लावावे.

यानंतर ठिणगी. प्लग काढून तारेस जोडावा, त्याची धातूची बाजू इंजिनाच्या लोखंडास टेकवावी आणि दुसऱ्यास सेल्फ मारण्यास सांगावे. ठिणगी निळसर व टणत्कार करणारी असावी. पिवळी, क्षीण ठिणगी गरम इंजिनास चालते, थंडास चालत नाही. पेट्रोल सांडले असता किंवा त्याचा वास दरवळत असता ही परीक्षा कदापि करू नये, आणि तार उघड्या हाताने धरू नये. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दव साचते. ती आतून कोरड्या फडक्याने पुसण्यानेच कित्येक गाड्या सुरू होतात. पॉइंट जळून खडबडीत झाले असल्यास ते बदलावेत. त्यांच्यातील फट साधारणपणे ०.४ मिलिमीटर आणि प्लगची ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. नक्की आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा.

हे दोन्ही ठीक असेल तरच चोककडे वळावे, कारण येथे मालकाच्या हातून सर्वाधिक गैरसमज घडतात. हवेच्या फिल्टरचे झाकण काढून कार्बुरेटरच्या मुखात पाहावे व कोणास तरी चोक ओढावयास सांगावे. मुखावरील पडदी मिटत असेल तर ती पूर्ण मिटते की नाही हे बघावे. पुष्कळदा तार घसरलेली असते. मूठ पूर्ण बाहेर येते, पडदी मात्र अर्धीच मिटते. अशा कार्बुरेटरात सेल्फपूर्वी ॲक्सिलरेटर एक-दोनदा दाबल्यास पेट्रोलाची पिचकारी उडते व मदत होते. सोलेक्सच्या काही जातींत मात्र पडदी नसतेच; चोक ओढला असता पेट्रोलाची एक स्वतंत्र वाट उघडते, आणि ती वाट इंजिनाच्या शोषणावर चालते. तेथे ॲक्सिलरेटर दाबला की शोषण नाहीसे होते आणि चोक निकामी ठरतो. या गाडीत चोक पूर्ण ओढून पाय बाजूस ठेवावा. जुन्या अँबॅसिडरमधील एस.यू. कार्बुरेटरात चोकने जेट खाली सरकते. ते कचऱ्याने अडकले नाही ना, एवढे पाहणे पुरे.

गाडी आठवडाभर उभी असेल तर कार्बुरेटरच्या वाटीतील पेट्रोल उडून गेलेले असते, व पंपाने ते पुन्हा भरेतो सेल्फ व्यर्थ फिरतो. पंपास हाताने दाबावयाची दांडी असल्यास आधी तीच दहा-वीस वेळा दाबावी. तेवढी बॅटरी वाचते.

याउलट पेट्रोल अति झाले, प्लग भिजला व वास येऊ लागला, तर चोक आत ढकलून दहा मिनिटे थांबावे. मग ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारावा. अधिक पेट्रोलाने सिलिंडरच्या भिंतींवरील ऑइल धुपते, म्हणून गाडी सुरू होताच मिनिट-दोन मिनिटांत चोक हळूहळू आत घ्यावा. मूठ बाहेर ठेवून तिला कपड्याचा चिमटा लावणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत.

एक नवी गोष्ट येथे सांगणे प्राप्त आहे, कारण ती आपल्या शेताशीच निगडित आहे. ऊस, मका व तांदूळ यांपासून होणारे इथेनॉल पेट्रोलात मिसळण्याचे प्रमाण २०२२ मध्ये दहा टक्के झाले, आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेले. शेतमालास गिऱ्हाईक मिळते याचा आम्हास आनंदच आहे. परंतु इथेनॉल जळण्यास वजनाने नऊ पट हवाच पुरते, म्हणून जुन्या जेटमधून जाणारे हे मिश्रण गाडीच्या हिशेबाने पातळ पडते. शिवाय त्याचे बाष्प होताना ते उष्णताही अधिक ओढते. त्यातच पी.यू.सी. तपासणीत आकडा कमी यावा म्हणून कोणी मिश्रणाचा स्क्रू कसला असेल, तर थंडीत गाडी हट्ट करणारच. जुन्या रबरी नळ्या या मिश्रणाने फुगतात किंवा चिरतात, तेव्हा त्या योग्य जातीच्या आणून बदलाव्यात. इथेनॉल पाणी शोषते. टाकी महिनोन्महिने अर्धी ठेवू नये.

कार्बुरेटरच्या मुखात बाटलीने पेट्रोल ओतून सेल्फ मारण्याची जी चाल पडली आहे, ती तत्काळ सोडावी. इंजीन उलटे फुसकले की ज्वाळा मुखातून बाहेर येते, आणि बाटली ओतणाऱ्याच्या हातातच असते. लोखंडी हँडल मारावयाचे झाल्यास गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करावी, अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा व हँडल खालून वर ओढावे; झटका उलटा बसला तर ते हातातून निसटते, मनगट मोडत नाही. आणि मोटार बंद पडवीत किंवा गोठ्यात उभी असेल, तर ती आधी बाहेर ढकलून आणावी व मगच सुरू करावी. चोक ओढलेल्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड वायू फार असतो. त्यास वास नसतो, आणि बंद जागेत तो माणसास व जनावरास थोड्या वेळात मारतो.