बांधीत किती धान उरलं?

पवनी तालुक्यातलं आसगाव चौरास पट्ट्यात येतं, आणि चौरासात शेती म्हटली की आधी धान. पूर्वी दिवाळीच्या आगेमागे विळे निघायचे. कापलेल्या कडपा बांधीत वाळायच्या, भारे बांधून पुंजणे रचले जायचे आणि मग सवडीनं चुरणी. कडपा पडलेल्या असताना अवकाळी पाऊस आला, तर दाण्याला तिथंच कोंब फुटायचा. वेळेवर मजूर मिळेनासे झाले आणि हार्वेस्टर या दिवसांचा धनी झाला.

ओल्या बांधीत चालतो तो साखळीचा हार्वेस्टर. चाकांचं यंत्र कोरड्या रानात उत्तम, पण चौरासाच्या भारी मातीत ते रुततं; रबरी पट्टा वजन पसरवून तरून जातो. पुढचा रील उभं पीक आत ओढतो, कटर बार कापतो, ड्रम आणि त्याखालची जाळी मिळून लोंबीचे दाणे सोडवतात, चाळण्या आणि पंखा कोंडा वेगळा करतात. साळीच्या ओल्या, लांब काडासाठी पीक ड्रमच्या अक्षाच्या दिशेनं फिरवत नेण्याची रचना १९७० च्या दशकात फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या मळणी यंत्रानं आशियाभर नेली. काड आत जास्त वेळ फिरतं, म्हणून दाणा पूर्ण सुटतो.

एवढं सगळं एका यंत्रात, तरी शेतकरी विचारतो ते एवढंच: तासाला किती एकर? हा प्रश्न अपुरा आहे. कापलेल्या धानातलं किती टाकीत आलं आणि किती बांधीत राहिलं, हे त्याहून महत्त्वाचं. भाडं तासाप्रमाणे ठरलं तर शेतकरी घाई करतो, एकराप्रमाणे ठरलं तर ड्रायव्हर. दोन्हीकडून वेग वाढतो, ड्रममध्ये झेपेल त्याहून जास्त काड जातं आणि भरलेले दाणे तणशीबरोबर मागून बाहेर पडतात.

हे मोजता येतं, आणि मोजायलाच हवं. मध्यम दाण्याच्या धानाचे साधारण ४० दाणे म्हणजे एक ग्रॅम. यंत्र गेल्यावर तणीस झटकून बाजूला करायची आणि एका चौरस मीटरमधले भरलेले दाणे मोजायचे. सरासरी १०० निघाले तर अडीच ग्रॅम, म्हणजे एकरी सुमारे १० किलो. तणीस मधल्या पट्ट्यात पडते, दाणेही तिथंच दाट असतात. म्हणून मोजणी यंत्राच्या पूर्ण रुंदीत करायची आणि यंत्र येण्याआधीच गळून पडलेले दाणे त्यातून वजा करायचे. दादाजी खोब्रागडे यांच्या एचएमटीसारख्या बारीक धानात एका ग्रॅमला दाणे आणखी लागतात, आणि हलका दाणा पंख्याच्या वाऱ्यानं लवकर उडतो.

दोष कुठं आहे तेही जमीनच सांगते. कापणीच्या पट्टीखालीच दाणे सांडलेले दिसले तर पीक जास्त पिकलंय किंवा रील वेगानं मारतोय. तणशीत लोंबीला दाणे चिकटून राहिले तर ड्रम मंद आहे किंवा जाळीचं अंतर जास्त आहे. टाकीत फुटका तांदूळ दिसला तर याच्या उलट. सुटे भरलेले दाणे मागे पडत असतील तर वारा कमी करायचा, आणि त्याआधी यंत्राची चाल. सकाळी दव असताना यंत्र घालूच नये. ओलं काड ड्रमला गुंडाळतं. शंभर-सव्वाशे पावलं चालवून थांबायचं, बघायचं, जुळवायचं, मगच पुढं जायचं. हंगामात ड्रायव्हरला एवढा वेळ मिळत नाही. शेतकऱ्यानं तो मागून घ्यायला हवा.

टाकीतलं धान कडपांसारखं वाळलेलं नसतं. कापणीच्या वेळी दाण्यात २० टक्क्यांहून अधिक ओलावा असू शकतो, आणि आधारभूत खरेदीत १७ टक्क्यांची मर्यादा आहे. अंगणात ताडपत्री पसरणं त्यामुळं सुटलेलं नाही.

आता तणीस. हातकापणीत ती सरळ, भाऱ्यात बांधलेली घरी यायची आणि गुरं वर्षभर खायची. हार्वेस्टर वीतभर किंवा त्याहून उंच धसकटं सोडतो आणि उरलेलं काड तुटक्या रूपात पसरतो. मग काही ठिकाणी काडी ओढली जाते. चारा जातो, मातीचा कसही जातो. इथं बेलरची खरी गरज आहे. पिकअपचे काटे तणीस उचलतात, गोल बेलरच्या पेटीत ती फिरत फिरत घट्ट होते, सुतळी गुंडाळली जाते आणि मागचं दार उघडून गाठ बाहेर पडते. लहान बेलरची गाठ एक माणूस उचलू शकतो.

बेलर मात्र हार्वेस्टरच्या कामावर जगतो. हार्वेस्टरनं तणीस सरळ रांगेत सोडली असेल तर पिकअप भरून चालतो. विस्कटलेली असेल तर आधी रेक फिरवून रांगा कराव्या लागतात आणि डिझेल तिथंच जातं. ओली तणीस बांधली तर गाठ आतून तापते, बुरशी धरते आणि गुरं तोंड लावत नाहीत. दोन-तीन उन्हं देऊनच बांधावी. दोन्ही यंत्रांचं भाडं आणि वेळ एकत्र ठरवणाऱ्या गटाला हे सोपं जातं.

एक अडचण मात्र यंत्रानं सुटत नाही. उभ्या धानात लाखोळी फेकलेली असेल तर साखळीखाली कोवळी रोपं चिरडतात, आणि मागून बेलरचा ट्रॅक्टर आला की पुन्हा चिरडतात. अशा बांधीत हार्वेस्टरनं एकाच बाजूनं आत यावं, टाकी बांधाजवळच्या एका कोपऱ्यातच रिकामी करावी आणि तणीस हातानं गोळा करावी. जिथं उन्हाळी धानासाठी बांधी लवकर मोकळी हवी, तिथं बेलर आधी पाठवावा.